जानपद आणि दप्तर

खेड्यातील निवांत, निरागस आणि घामाचा वास न येणाऱ्या सुखी जीवनाचे जे चित्र साहित्यात पिढ्यान्‌पिढ्या रंगविले जाते, त्याला एखादे भारदस्त नाव द्यावे अशी गरज मराठी समीक्षेला जेव्हा भासली, तेव्हा तिने 'जानपद' हा संस्कृत शब्द पुढे केला. युरोपीय वाङ्मयात ज्याला 'इडिल' म्हणतात ते आपले जानपदगीत, हे समीकरण १९२३ साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या भरभराटीच्या काळात रूढ झाले. आणि मोट, पाणंद, न्याहारीची टोपली, बांधावरचा रुसवा असे एक ठरीव भांडवल सिद्ध होऊन पुण्यामुंबईच्या दिवाणखान्यांतून त्याला मनमुराद दाद मिळू लागली. 'मीठभाकर'कार ग. ल. ठोकळ असोत की त्यांच्या मागेपुढे जानपदगीते लिहिणारे इतर असोत, या कवींची खेड्यावर माया नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. माया होतीच; परंतु ती सुट्टीत घरी येणाऱ्या मुलाची माया होती, आणि शेतसाऱ्याचा हप्ता कधी भरायचा हे अशा मुलाला सहसा कोणी सांगत नाही.

बेळगावहून खानापूर, लोंढा असे करीत रामनगरच्या बाजूने उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात शिरले, की हाच शब्द निराळ्याच अर्थाने भेटतो. तेथे घरात कोकणी किंवा मराठी, बाजारात दोहोंची मिसळ आणि कचेरीत कन्नड अशी भाषांची वाटणी आहे; आणि कन्नडात 'जानपद' म्हणजे लोकांचे स्वतःचे जे काही आहे ते सारे, म्हणजे त्यांची गाणी, त्यांच्या कथा, त्यांच्या समजुती आणि त्यांचे शहाणपण. हावेरी जिल्ह्यात २०११ साली स्थापन झालेले जानपद विश्वविद्यालय या लोकविद्येसाठी आहे. म्हणजे सीमेच्या अलीकडे ज्या शब्दाने खेड्याविषयी शहराने गायिलेले गाणे ओळखले जाते, त्याच शब्दाने पलीकडे खेड्याने स्वतः गायिलेले गाणे ओळखले जाते. केवळ शब्दार्थाची गंमत म्हणून हे सोडून देता आले असते. पण गाणारा कोण आणि ज्याच्याविषयी गायिले जाते तो कोण, हा प्रश्न या तालुक्यात गेली दीडशे वर्षे जमिनीच्या आणि जंगलाच्या हक्काचा प्रश्न होऊन बसला आहे, आणि म्हणून रम्य ग्रामजीवनाची कल्पना घासून पाहायची तर ती येथेच घासावी असे मला वाटते. सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगापुढे महाराष्ट्राने ज्या मुलखावर दावा सांगितला त्यात कारवार आणि हल्याळ यांच्याबरोबर हा तालुकाही सुपे या त्याच्या जुन्या नावाने होता. आपल्या घोषणांत मात्र कारवार आले, सुपे कधी आले नाही. रानाला घोषणेत जागा नसते.

रम्य ग्रामजीवनाच्या या कल्पनेचे मूळ जेथे सांगतात तेथेच प्रथम जावे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात ग्रीक कवी थिओक्रिटसने सिसिलीच्या मेंढपाळांवर जी लहान लहान शब्दचित्रे लिहिली, त्यांचा रसिकवर्ग ॲलेक्झांड्रिया या त्या काळच्या सर्वांत गजबजलेल्या महानगरातला होता. पुढे रोमन कवी व्हर्जिलच्या नावाशी या सुखी मेंढपाळांचा देश म्हणून जे आर्केडिया कायमचे जोडले गेले, तो खराखुरा प्रांत ग्रीसमधला डोंगराळ, थंड आणि कष्टाचा मुलूख; तेथेच जन्मलेल्या पॉलिबियस या इतिहासकाराने तर असे नोंदवून ठेवले आहे, की तेथील हवा आणि श्रम यांनी माणसे राकट होतात म्हणूनच पूर्वजांनी प्रत्येक मुलाला संगीत सक्तीने शिकविण्याचा पायंडा पाडला. कवीने संगीत तेवढे उचलले आणि ज्या कारणासाठी ते शिकवावे लागे ते कारण मागे ठेवले. परंतु एवढ्यावरून व्हर्जिलला खोटारडा ठरविण्याची घाई करू नये. त्याच्या गोपगीतांतले अगदी पहिले गीत कशाने उघडते? फिलिपीच्या लढाईनंतर सैनिकांना बक्षीस देण्यासाठी इटलीतल्या जमिनी जप्त झाल्या. त्या जप्तीत हाकलला गेलेला एक शेळ्यामेंढ्यांचा धनी आपला कळप हाकीत परागंदा होतो आहे, आणि रोममधल्या कोणा प्रतापी पुरुषाच्या कृपेने ज्याची जमीन वाचली असा दुसरा एक जण झाडाच्या सावलीत पडून पावा वाजवीत आहे. पाश्चात्य जगाने ज्याच्याकडून रम्य ग्रामजीवनाचा वारसा घेतला त्या कवीने पहिल्याच पानावर जप्तीचा हुकूम आणि मेहेरबानीची सनद ही दोन्ही सरकारी कागदपत्रे मांडून ठेवली आहेत. सावली कोणाला मिळते हे कचेरीत ठरते, हे त्याला पक्के ठाऊक होते. त्याच्या अनुयायांनी सावली ठेवली आणि कचेरी वगळली.

आपल्याकडेही हा विवेक होता. मेघदूतात यक्ष मेघाला सांगतो, की खेड्यातल्या स्त्रिया तुझ्याकडे प्रेमार्द्र दृष्टीने पाहतील. आणि का पाहतील, तर शेतीचे फळ तुझ्या हाती आहे म्हणून. त्या स्त्रियांना नागर कटाक्षांची कला अवगत नाही, या कालिदासाच्या वर्णनाचे आपल्या रसिकांनी फार कौतुक केले. त्याच श्लोकात त्या नजरेमागचे पिकाचे गणितही त्याने सांगितले आहे, याकडे मात्र तितके लक्ष गेले नाही. तेव्हा रम्यतेत स्वतःचा असा काही दोष नाही, असे माझे म्हणणे आहे. जे चित्र श्रम आणि हक्क यांना आपल्या चौकटीत जागा देते ते कितीही मधुर असले तरी खरे असते. आणि ज्या चौकटीतून ही दोन वगळली जातात ती, चित्रकाराच्या मनात तसे असो वा नसो, त्या जमिनीवर डोळा असलेल्या तिऱ्हाइताच्या उपयोगी पडते.

जोयड्यात ते कसे घडले ते पाहू. काळी नदी याच तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावते आणि १८४ किलोमीटर वाहून कारवारला समुद्राला मिळते. त्या मुखाशी १८८३ साली तरुण रवींद्रनाथ ठाकूर काही काळ राहिले, चांदण्यात नावेतून नदीत शिरले, आणि त्या शांततेची आठवण त्यांनी पुढे आपल्या आत्मकथनात मोठ्या प्रेमाने लिहून ठेवली. त्यांचे वडील बंधू सत्येंद्रनाथ तेव्हा कारवारला जिल्हा न्यायाधीश होते. त्याच १८८३ साली मुंबई सरकारच्या गॅझेटियरचा कानडा जिल्ह्यावरचा खंड छापून निघाला. आणि नदीच्या मुखाशी कवीला जे विश्रब्ध, अनादि वाटले, त्याच नदीच्या माथ्यावर त्या वेळी काय चालले होते ते त्या खंडाच्या रुक्ष पानांत नोंदलेले आहे.

चालले होते ते असे. सह्याद्रीच्या या माथ्यावर विखुरलेल्या वाड्यांतून राहणारा कुणबी दरीच्या तळाशी भाताचे खाचर करी आणि उतारावर कुमरी करी. कुमरी म्हणजे रानाचा एखादा तुकडा तोडायचा, वाळू द्यायचा, पावसाळ्याच्या तोंडावर जाळायचा, राखेत नाचणी पेरायची, एकदोन पिके काढायची आणि मग तो तुकडा दहाबारा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ पुन्हा रानाच्या स्वाधीन करायचा. ही पद्धत निर्दोष होती असे मी म्हणत नाही. लोकसंख्या वाढली आणि फेरा आखूड झाला तर ती रानाला मारते, हे उघड आहे. पण मुंबई इलाख्याचे गिब्सन आणि मद्रास इलाख्याचे क्लेगहॉर्न या जंगलखात्याच्या आद्य अधिकाऱ्यांनी तिच्यावर जो रोष धरला त्याचे कारण फेऱ्याची लांबी हे नव्हते. जहाजांना आणि नव्याने येऊ घातलेल्या रेल्वेला सागवान हवे होते, आणि सागवानाच्या रानात नाचणी पिकविणारा मनुष्य त्यांच्या हिशेबात उधळपट्टी करणारा ठरत होता. कानडा जिल्हा अद्याप मद्रासकडे होता तेव्हाच, १८६० साली, परवानगीवाचून कुमरी करण्यास मनाई झाली. १८६२ साली जिल्हा मुंबई इलाख्याला जोडला गेला, आणि १८७८ च्या जंगल कायद्याने उरलीसुरली वहिवाटही राखीव जंगलाच्या सीमेबाहेर उभी केली.

आता याच जिल्ह्यातले दुसरे उदाहरण घ्या. शिरसी, सिद्दापूर, यल्लापूरकडच्या पोफळीच्या बागा पाहून आजही प्रवासी हरखून जातो. दरीत उतरत गेलेली ती गर्द, ओली हिरवाई, मधून खळाळणारा पाट आणि कडेला कौलारू घर, म्हणजे जानपद रम्यतेचा जणू आदर्शच. या बागांना दरवर्षी झाडपाल्याचे खत लागते, आणि ते खत मिळावे म्हणून सरकारने बागाईतदारांना लगतच्या जंगलाचे पट्टे पाला तोडण्यासाठी सवलतीने तोडून दिले. त्या पट्ट्यांना 'सोप्पिनबेट्ट' म्हणतात, आणि ती सवलत अजून चालू आहे. बाग भरघोस सारा देत असे, कुमरी जेमतेम चूल पेटवीत असे. कोयता दोघांच्याही हाती होता. एकाला सनद मिळाली, दुसऱ्याला मनाई. बागाईतदाराचे कष्ट मी कमी लेखीत नाही, कारण पावसाच्या तडाख्यात पोफळीवर चढून बुरशीपासून घोस राखणे हे काय काम आहे ते मला ठाऊक आहे. परंतु ज्या दृश्यापुढे आपण 'निसर्गाची किमया' म्हणून मान डोलावतो ते जमाबंदीच्या एका निर्णयाचे फळ आहे, आणि त्याच निर्णयाच्या दुसऱ्या बाजूला जे घडले ते दृश्यात उरलेले नाही, हे म्हटल्यावाचून राहवत नाही.

कुमरी करणारा रानाचा शत्रू आहे असे एकदा दप्तरात लिहिले गेले, की पुढच्या प्रत्येक खात्याचे काम सोपे झाले. स्वातंत्र्यानंतर शेजारच्या दांडेलीला वेस्ट कोस्ट पेपर मिल उभी राहिली, आणि या सगळ्या मुलखातला बांबू नाममात्र दराने तिकडे वाहू लागला. काही वर्षांतच बांबूची बेटे उजाड होऊ लागली, तेव्हा दोष साहजिकच गुरे चारणाऱ्यांकडे आणि टोपल्या विणणाऱ्यांकडे गेला. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी जागेवर जाऊन पाहिले तेव्हा निघाले ते वेगळेच. गावचा माणूस बांबू तोडताना बेटाच्या बुंध्याशी असलेले काट्यांचे जाळे शाबूत ठेवी. गिरणीचे मजूर बुंध्यापर्यंत कोयता पोचावा म्हणून ते साफ करीत. आणि काट्यांचे संरक्षण गेलेले कोवळे कोंब जनावरे खाऊन टाकीत. काटे का ठेवायचे हे ज्ञान होते. ते अडाण्याचे म्हणून गणले गेले नव्हते एवढेच.

मग धरण आले. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचे सुपे हे जुने पेठेचे गाव, ज्याच्या नावाने तालुका ओळखला जाई ते, १०१ मीटर उंचीच्या भिंतीमागे १९८० नंतरच्या दशकात पाण्याखाली गेले; तालुक्याची कचेरी जोयड्याला आली, आणि उठविलेल्या लोकांसाठी रामनगरची वसाहत झाली. दांडेलीचे अभयारण्य १९५६ पासून होते; त्यात अणशीचे राष्ट्रीय उद्यान १९८७ साली आले, २००७ साली दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला, आणि २०१५ पासून त्याला काळी नदीचेच नाव आहे. एवढ्या उलथापालथीनंतर आज या तालुक्याची जाहिरात कोणत्या शब्दांत होते? अस्पर्शित, निसर्गरम्य, काळ जेथे थांबला आहे असा प्रदेश. गणेशगुडीला रबरी नावेतून ज्या 'मुक्त' प्रवाहावर उड्या घेण्यासाठी पुण्याबंगळूरची मंडळी येतात, तो प्रवाह सुप्याच्या वीजघरातून पाणी सोडले तरच उसळतो. वीजमंडळाने दार बंद केले की नदीचे स्वातंत्र्य संपते आणि नावा काठावर येतात. काळ येथे थांबलेला नाही. तो वीजघराच्या घड्याळावर चालतो. होमस्टेच्या ओसरीवर ज्याने उकडलेली कंदमुळे पानात वाढावीत अशी अपेक्षा असते तो 'भोळा, निष्पाप वनवासी' म्हणजे ज्याला क्लेगहॉर्नच्या काळात रानाचा विध्वंसक म्हटले होते त्याचाच पणतू.

या लेखात मला जे सांगायचे आहे ते मुख्यतः एवढेच. विध्वंसक आणि निष्पाप ही दोन्ही विशेषणे एकमेकांच्या विरुद्ध दिसतात, आणि म्हणून पहिल्याकडून दुसऱ्याकडे येण्यात आपली नैतिक प्रगती झाली असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात दोन्ही विशेषणांनी एकच गोष्ट नाकारली जाते. विध्वंसकाला रानाचे ज्ञान नसते, कारण त्याला फक्त तोडता येते. निष्पापालाही ज्ञान नसते, कारण ते असते तर तो निष्पाप कसला! आणि ज्याला ज्ञान नाही त्याला हक्क कशाला हवा, हा पुढचा टप्पा बोलून दाखविण्याची गरजही पडत नाही. कोन, करांदे, मुडली अशा कितीतरी कंदांच्या जाती परसात राखणाऱ्या आणि त्या जोयड्याच्या कंदमेळ्यात मांडून बसणाऱ्या कुणबी बायांकडे पाहणारा शहरी ग्राहक 'केवढे साधे जीवन!' असे उद्‌गारतो, तेव्हा तो त्यांच्या वनस्पतिविद्येला साधेपणा म्हणत असतो.

खेड्याची ही रम्यता एकट्या कवींनी रंगविलेली नाही, दप्तरानेही ती रंगविली आहे. 'लहान लहान प्रजासत्ताके' म्हणून भारतीय खेड्यांचे जे स्तोत्र चार्ल्स मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याने १८३० च्या सुमारास रचले तेही कवितासंग्रहात आलेले नाही; सारा कोणाकडून आणि कसा वसूल करावा या वादातल्या एका सरकारी टिपणात ते आले. आमच्या राष्ट्रीय पुढाऱ्यांनी ते मोठ्या अभिमानाने उचलले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. आंबेडकरांनी या उसन्या प्रेमाचे मूळ मेटकाफमध्येच दाखवून दिले, आणि खेडे म्हणजे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर आहे अशा अर्थाचे कठोर शब्द वापरले. ते शब्द अनेकांना झोंबले. परंतु गावकुसाबाहेर ज्यांचे आयुष्य गेले त्यांच्या बाजूने पाहता ते अपुरेच म्हणावे लागतील. मराठीत हे आधी कोणी पाहिलेच नव्हते असे नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ साली निघाला, आणि लेखक महसूल खात्यातला असल्यामुळे की काय, त्यात चांदणे जवळजवळ नाहीच. वतने, बलुती, मानपान, भिक्षेकरी आणि भांडणे यांचा तो एक अस्सल ताळेबंद आहे. मला कित्येकदा असे वाटते, की जानपदगीतांच्या दहा संग्रहांपेक्षा एका मामलेदारी वळणाच्या माणसाचे हे पुस्तक खेड्याशी अधिक आदराने वागते. तो खेडुताला फसवतही नाही आणि फसलेला समजतही नाही.

शिवाय मेंढपाळांचे खरे काव्य मराठीला लाभले ते गद्यात. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली पुस्तकरूपाने आली. तीत मेंढरे आहेत, माळ आहे, धनगर आहेत, भाबडेपणाही आहे. थिओक्रिटसला लागणारी सारी सामग्री तेथे आहे. पण पाऊस पडत नाही, मेंढरे मरतात, वाडी उठते, आणि जिच्यासाठी मास्तर आला ती शाळाच उरत नाही. माडगूळकरांनी या माणसांवर प्रेम केले, आणि त्यांचे पाण्याचे गणितही मांडले. जोयड्याच्या आसपासच्या गवळी धनगरांवर कोणी अशी कादंबरी लिहिली तर तिच्यात दुष्काळाची जागा राखीव कुरण आणि वनरक्षकाची पावती घेईल. म्हशी घेऊन रानोमाळ फिरणारे आणि मराठीचीच एक बोली बोलणारे हे लोक आपल्या भाषेचे सीमेपारचे नातलग आहेत, आणि त्यांच्याविषयी आपण फार थोडे लिहिले आहे.

येथे एक रास्त हरकत घेता येईल. सुप्याहून उठलेला एखादा म्हातारा जेव्हा म्हणतो, की आमचे गाव म्हणजे गोकुळ होते, तेव्हा त्यालाही आपण रम्य भ्रमाचा दोष लावणार काय? त्या गावात सावकार नव्हता काय, कुळांना मुळीच जाच नव्हता काय? असणारच. १९७४ च्या जमीनसुधारणा कायद्याने कर्नाटकातल्या कुळांना जमिनीची मालकी मिळाली. तोवर गोकुळातही खंड मोजावा लागत होता. परंतु या म्हाताऱ्याच्या गोकुळात आणि जाहिरातीतल्या गोकुळात फरक आहे. तो म्हणतो ते गोकुळ त्याच्याकडून घेतले गेले, आणि म्हणून त्याच्या स्तुतीत एक दावा आहे: हे माझे होते. व्हर्जिलचा परागंदा मेंढपाळही आपल्या शेताची स्तुती करतो ती याच अर्थाने. घालविलेल्याने आठवणीत केलेली अतिशयोक्ती आणि घेणाऱ्याने केलेली अतिशयोक्ती यांना एकाच मापाने मोजणारी टीका निःपक्षपाती दिसेल, न्याय्य असणार नाही.

दाव्यांची भाषा आता कायद्यातही आली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने रानातल्या वहिवाटीला प्रथमच हक्क म्हटले. परंतु जो अनुसूचित जमातीचा नाही त्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचे तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध केले पाहिजे अशी त्यात अट आहे. उत्तर कन्नडच्या सिद्दींना २००३ साली जमातीचा दर्जा मिळाला. त्याच साली डोंगरापलीकडच्या गोव्यात कुणब्यांनाही तो मिळाला. जोयड्याचा कुणबी तो मागतच आहे, आणि तोवर पंचाहत्तर वर्षांचा पुरावा शोधत कचेऱ्यांच्या पायऱ्या चढतो आहे. ज्याच्या जीवनाला काळाचा स्पर्श नाही म्हणून त्याचे गुणगान होते, त्याच्याकडेच तारखा मागितल्या जातात. कायद्याखालच्या नियमांत ग्राह्य पुराव्यांची जी यादी आहे तीत जनगणना आहे, मोजणी आणि जमाबंदीचे अहवाल आहेत, गॅझेटियर आहे. देशात इतरत्र अशा दाव्यांना जंगलखात्याने घेतलेल्या दंडाच्या जीर्ण पावत्याही जोडल्या गेल्या आहेत, कारण दंड झाला याचा अर्थ दंड भरणारा त्या दिवशी त्या रानात होता. १८८३ च्या त्या खंडात सह्याद्रीच्या माथ्यावरच्या कुणब्यांची आणि त्यांच्या कुमरीची जी नोंद आहे ती त्यांच्यावर प्रेम करणाऱ्या कोणी केलेली नाही, आणि तरीही आज त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला तीच उभी राहू शकते.